पावसाळ्यातली खेळपेटी : प्रकल्प नोंदी, रोहा तालुका, जून ते सप्टेंबर २०२५

सोमवार, ९ जून

तीन वाड्या, चौदा घरं, दीड ते सहा वर्षांची एकोणीस मुलं. पाऊस यंदा मे महिन्यातच कोकणात उतरला, त्यामुळे अंगण आताच बंद झालं. पुढचे चार महिने मूल पडवीत, ओटीवर नाहीतर चुलीच्या आसपास. लावणी लागली की आई-बाप शेतावर आणि घरात आजी किंवा मोठं भावंड. अशा घरात मुलाचं बोलणं, हात, मोजणं, ऐकणं कसं वाढवता येईल, एवढंच या चार महिन्यांत बघायचं आहे. अंगणवाडीत ताई ‘आकार’ अभ्यासक्रमातले खेळ घेतातच. तेच घरी पुन्हा घ्यायचं नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरलं.

मुलांचे दोन गट केले, तीन वर्षांच्या आतली आणि वरची. ही विभागणी सर्वांत आधी घशात काही अडकू नये म्हणून आहे. तीनच्या आतलं मूल प्रत्येक वस्तू तोंडात घालून बघतं आणि ते तसंच असायला हवं. वस्तू निवडायची जबाबदारी आपली.

त्यासाठी प्रत्येक घरात पुठ्ठ्याची एक नळी करून दिली. ६ सेंमी रुंद आणि ११ सेंमी लांब पट्टी घ्यायची, टोकं १ सेंमी एकमेकांवर चढवून चिकटवायची. आतला घेर १० सेंमी होतो, म्हणजे तोंड साधारण ३.२ सेंमी. या नळीतून जे खाली पडतं ते तीनच्या आतल्या मुलाला द्यायचं नाही. चिंचोके, गोट्या, शेंगदाणे, सागरगोटे पडणार हे सगळ्यांना माहीत होतं. पाण्याच्या बाटलीचं झाकणही अलगद पडतं, हे बघून मात्र घरोघरी खेळण्यांच्या डब्यातून झाकणं बाहेर काढली गेली. दोरी असलेलं खेळणं असेल तर दोरी वीतभरापेक्षा लांब नको, गळ्याभोवती फास बसतो. आवाज करणाऱ्या स्वस्त खेळण्यांतले गोल चपटे सेल घरात ठेवूच नयेत असं सांगितलं. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून भाजतं. गिळल्याची शंका जरी आली तरी वाट न बघता दवाखाना.

शुक्रवार, १३ जून

पेट्या तयार झाल्या. पेटी म्हणजे मिठाईचा किंवा फरसाणाचा झाकणाचा प्लास्टिक डबा. पत्र्याचा नको, पावसाळ्यात कडा गंजतात आणि बोट कापतं.

तीनच्या आतल्यांसाठी: एकात एक बसणाऱ्या तीन वाट्या, लाकडी चमचा, हातभर सुती फडकं, आणि २०० मिलीच्या बाटलीत एक तृतीयांश तांदूळ भरलेला खुळखुळा. खुळखुळ्याचं झाकण आतून चिकटद्रव्य लावून घट्ट फिरवायचं आणि वरून चिकटपट्टीचे तीन वेढे. बाटली गच्च भरली तर वाजत नाही. झाकण आठवड्यातून एकदा मोठ्या माणसाने पिळून बघायचं.

तीनच्या वरच्यांसाठी: चार रंगांची प्रत्येकी तीन झाकणं, वीस अख्खे चिंचोके, चार घासलेले चिंचोके, पाटी, खडू, आणि आठ चित्रकार्डं. घासलेले चिंचोके म्हणजे दगडावर एक बाजू पांढरी होईपर्यंत घासलेले, अष्टाचंगात फाशांच्या जागी टाकतात तसे. चारही फेकायचे आणि पांढऱ्या बाजू किती ते न मोजता, बघताक्षणी सांगायचं. चारपर्यंतचा समूह नजरेने ओळखता आला की पुढच्या मोजणीला आधार मिळतो. आठ-दहा मिनिटं घासून एक चिंचोका होतो. हे काम पाच-सहा वर्षांच्या मुलांना फार आवडतं, त्यामुळे तयार करून देण्यापेक्षा घासायलाच द्यावे.

कार्डांची काळजी वाटते. दोन दिवसांत चार कार्डं वाकली. पुठ्ठ्याच्या एका बाजूला चित्राचा गुळगुळीत कागद आणि दुसरी उघडी, म्हणून उघडी बाजू दमट हवा पिते आणि फुगते. आता दोन्ही बाजूंनी रुंद चिकटपट्टी लावून कडेला अर्धा सेंमी पट्टी जास्त सोडली आहे. कडेपर्यंत कापली तर पाणी कडेतूनच शिरतं.

बुधवार, १८ जून

कार्डं रद्द. पट्टीच्या आत बुरशीचे काळे ठिपके आले. चित्रातल्या भेंडीऐवजी आता भेंडीच. १९४५ मध्ये बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुलांमध्ये काम सुरू केलं तेव्हाही पानं, बिया, खडे, शिंपले हीच साधनं हाताशी धरली होती. पावसाळ्यातल्या कोकणात तर दुसरा पर्यायच टिकत नाही. भेंडीला वास आहे, लव आहे, चिरल्यावर आत चांदणी आहे. कार्डावर यातलं काहीच नव्हतं.

मंगळवार, २४ जून

मळण्याचं पीठ. तीन प्रकार करून बघितले.

पहिला, न शिजवलेला: दोन वाट्या कणीक, एक वाटी मीठ, पाऊण ते एक वाटी पाणी. उन्हाळ्यात हे चालतं. इथे मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि दुसऱ्या दिवशी गोळ्याला पाणी सुटून तो हाताला चिकटतो. वर आणखी कणीक घातली तर तासाभराने पुन्हा तेच.

दुसरा, शिजवलेला: एक वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, एक वाटी पाणी, एक चमचा तेल, एक चमचा लिंबाचा रस. सगळं गार असताना गुठळ्या मोडून एकजीव करायचं, मग मंद आचेवर चार-पाच मिनिटं ढवळायचं. कडा सोडून गोळा झाला की उतरवायचं, कोमट असताना तेलाच्या हाताने मळायचं. हा बंद डब्यात तीन-चार दिवस टिकतो. आंबट वास आला की फेकावा. उरलेला तुकडा नव्यात मिसळला तर नवाही लवकर खराब होतो.

या दोन्हींत मीठ भरपूर आहे. जे मूल अजून तोंडात घालतं त्याला हे द्यायचं नाही. खारट आहे म्हणून खाणार नाही असं आया म्हणतात, पण काही मुलं खातात आणि एवढं मीठ लहान शरीराला धोक्याचं असतं.

तिसरा प्रकार म्हणजे घरात रोज होणारं तांदळाच्या भाकरीचं पीठ. उकड काढून, मळून, निवल्यावर त्यातला लिंबाएवढा गोळा मुलाला. सर्वांत चांगलं हेच ठरलं. तांदळाच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नाही, म्हणून थापताना कडेला चीर पडते. मूल थांबतं, चिरेकडे बघतं, बोट पाण्यात बुडवून चीर दाबतं, मग दुसरीकडे चीर पडते. हात किती ओला हवा हे त्याचं त्यालाच कळत जातं, कारण जास्त पाणी झालं की भाकरी हातालाच येते. तळहात, बोटं आणि डोळे एकत्र वापरण्याचा यापेक्षा चांगला सराव विकत मिळत नाही. छोटी भाकरी तव्यावर टाकून त्याच्या ताटात द्यावी, पण तवा आणि चूल मोठ्यांकडे.

सोमवार, ३० जून

घरभेटीत पाहिलं, चौदापैकी दहा घरांत पेटी कोनाड्यात किंवा मांडणीवर. जिथे वापरात आहे तिथे मोठी मुलगी किंवा आत्या घरी आहे. कारण सरळ आहे. पेटी काढायला वेगळा वेळ लागतो, बसायला वेगळी जागा लागते, आणि भरून ठेवायला कोणीतरी लागतं. ‘कामं उरकली की घेऊ’ म्हणेपर्यंत मूल झोपलेलं असतं.

त्यामुळे पेटीचं महत्त्व कमी करतो आहोत. आता विचारायचं ते एवढंच, की आज घरात काय काम चाललंय आणि त्यातला मुलाच्या हाताएवढा तुकडा कोणता. प्रत्येक घराशी बोलून रोजची दोन कामं निवडली. लसूण सुटा करणं, कोथिंबीर निवडणं, कांदे मोठे-लहान वेगळे करणं, धुतलेले रुमाल पिळून दोरीवर घालणं, चपलांच्या जोड्या लावणं, ताटं मांडणं. ताटं मांडण्यात माणशी एक ताट, ताटाला एक वाटी असा एकास एक हिशेब रोज दोनदा होतो आणि चुकला तर जेवायला बसल्यावर कळतं. कुणी मुलाला चूक सांगावी लागत नाही.

अट अशी की काम खरं असावं. मुलाने निवडलेली कोथिंबीर त्याच्यासमोर पुन्हा निवडली तर तिसऱ्या दिवशी ते येत नाही. पुन्हा निवडायचीच असेल तर ते तिथून उठून गेल्यावर.

रविवार, ६ जुलै

वाल. ही नोंद सविस्तर, कारण या भागात बिरड्याचे वाल प्रत्येक घरी सोलले जातात आणि त्यात जेवढं सापडलं तेवढं कशातच नाही.

रात्री एक वाटी कडवे वाल भिजत घालायचे. सकाळी पाणी काढून ओल्या फडक्यात घट्ट बांधायचे. दुसऱ्या दिवशी मोड. या दिवसांत फडकं सुकत नाही, वाल बुळबुळीत होऊन वास मारतो, म्हणून मध्ये एकदा वाल धुऊन कोरड्या फडक्यात बांधावे लागतात. सोलण्याआधी दहा मिनिटं कोमट पाण्यात.

मुलाला देताना आधी मोठ्याने नखाने टोकाशी चीर पाडून द्यायची. मग अंगठा आणि पहिलं बोट यांनी दाबलं की डाळिंबी बाहेर उडी मारते. पेन्सिल धरायला लागते ती हीच चिमट. चीर नसेल तर तीन-साडेतीन वर्षांचं मूल पूर्ण मुठीने दाबतं, वाल चिरडतो आणि ते सोडून देतं. चार वर्षांपुढे चीरही त्यालाच पाडू द्यावी.

प्रमाण: तीन वर्षांच्या मुलाला पंधरा-वीस वाल, पाच वर्षांच्याला मूठभर. जास्त दिले तर शेवटचे फेकाफेकीत जातात. दोन वाट्या ठेवायच्या, एकीत डाळिंब्या, एकीत सालं. तीनच्या आतल्यांना वाल किंवा सालं हातात नाहीत, नळीतून दोन्ही पडतात. त्यांना रिकामी वाटी आणि पाणी. कच्चे वाल कुणीच खायचे नाहीत, शिजवूनच.

आता बोलणं. एका घरातलं असं टिपलं:

‘निसटला!’
‘निसटला? कुठं पळाला गं बाय?’
(आजी सोलत राहिली. मुलगी पाटाखाली वाकली.)
‘पाताखाली.’
‘पाटाखाली लपला होय? ओला आहे ना, म्हणून सटकतो.’
‘ओला आहे म्हनून पलतो.’

आजीने ‘पाताखाली नाही, पाटाखाली म्हण’ असं म्हटलं नाही. बरोबर शब्द आपल्या वाक्यात घालून परत दिला आणि एक कारण जोडलं. पुढच्या वाक्यात मुलीने ते कारण उचललं. यातली सर्वांत मोलाची गोष्ट कंसात आहे. प्रश्न विचारल्यावर आजी थांबली, आणि हात चालू असल्यामुळे ते थांबणं अवघड वाटलं नाही. समोरासमोर बसून नुसतं शिकवताना मोठी माणसं एक-दोन सेकंदांत उत्तर स्वतःच देऊन टाकतात. लहान मुलाला शब्द शोधायला पाच ते दहा सेकंद लागतात. काम हातात असलं की ते सेकंद आपोआप मिळतात.

शनिवार, १२ जुलै

लावणी जोरात. सात घरांत दिवसभर आजी नाहीतर आठ-दहा वर्षांचं भावंड शाळेतून आल्यावर.

भावंडं शाळा-शाळा खेळतात. पाठ करून घेणं, चुकलं की ओरडणं, क्वचित फटका. त्यांना रागावण्यात अर्थ नाही, त्यांनी जे पाहिलं तेच ती करतात. त्यांना तीनच कामं दिली: धाकट्याला ओटीवरून जे दिसतं त्याबद्दल दोन गोष्टी सांगायच्या आणि एक विचारायची, रोज एक गोष्ट सांगून मध्येच थांबायचं आणि ‘मग काय झालं?’ म्हणायचं, लपवाछपवीत वस्तू ‘खाली, वर, मागे, मध्ये’ हे शब्द वापरून शोधायला लावायची. ‘दोन सांगा, एक विचारा’ हे मोठ्यांनाही लागू. ‘हे काय? ते काय? रंग कोणता?’ अशी सरबत्ती सुरू झाली की मूल गप्प होतं, आणि घरचे म्हणतात की हा बोलतच नाही.

कातकरी वाडीतल्या दोन घरांत आई मुलाशी मोडक्या मराठीत बोलत होती, शाळेत सोपं जावं म्हणून. तिला सांगितलं, कातकरीतच बोला. जी भाषा आईला पूर्ण येते तिच्यात कारणं, गमती, रागवणं, गोष्ट सगळं येतं. अर्ध्या येणाऱ्या भाषेत फक्त ‘ये, बस, खा’ उरतं. घरच्या भाषेत विचार पक्का झालेलं मूल मराठी लवकर उचलतं.

मंगळवार, २२ जुलै

टाळ्यांचा खेळ. शब्द उच्चारायचा आणि तुकड्यातुकड्याला टाळी. वाचनाआधी शब्दाचे आवाज सुटे ऐकू यावेत म्हणून हा खेळ घेतात. पहिल्याच आठवड्यात तीन घरांत भांडण झालं आणि तिन्ही ठिकाणी मुलंच बरोबर होती.

‘बदक’ला मुलाने दोन टाळ्या वाजवल्या, ब-दक. वडील म्हणाले तीन, ब-द-क. लिहिताना तीन अक्षरं आहेत हे खरं, पण मराठीत बोलताना शेवटच्या अक्षरातला ‘अ’ गळतो. तसंच ‘घर’ लिहायला दोन, बोलायला एक टाळी. ‘टोपली’ बोलताना टोप-ली, ‘भाकरी’ बोलताना भाक-री, दोन टाळ्या. ‘चपाती’ मात्र च-पा-ती, तीनच. ज्याला अजून अक्षरं येत नाहीत ते मूल कानाने मोजतं. मोठा माणूस डोळ्यांनी, मनात दिसणारं लेखन मोजतो. खेळ कानाचा आहे, म्हणून या वयात कानाचीच टाळी बरोबर धरायची. अक्षरं शिकू लागल्यावर ‘बोलताना दोन, लिहिताना तीन’ हे स्वतंत्रपणे दाखवता येतं, आणि मुलांना ते कोड्यासारखं आवडतं.

सुरुवात फसवे शब्द टाळून करावी. काका, मामी, वाटी, केळी, दादा (दोन). चपाती, पपई, बटाटा (तीन). मग एका टाळीचे: पान, दूध, हात. मुलाचं स्वतःचं नाव पहिल्याच दिवशी.

दुसरा घोळ ‘च’चा. ‘च’ने सुरू होणाऱ्या वस्तू एका टोपलीत टाकायच्या होत्या. एका पाच वर्षांच्या मुलीने चमचा आणि चाक एकीकडे ठेवलं, चिंच आणि चहाची पूड दुसरीकडे. घरच्यांना वाटलं तिला खेळ कळला नाही. मोठ्याने म्हणून बघावं: चमच्याचा ‘च’ दातांमागे, चिंचेचा ‘च’ टाळूला. अक्षर एक, आवाज दोन. ‘ज’चंही तेच, जाळी आणि जेवण. मुलीचा कान आमच्या खेळापेक्षा तयार होता. आता यादी बदलली. पहिल्या आवाजाच्या खेळात म, प, क, त, ल, स घ्यायचे. च, ज, झ नंतर.

रोजच्या वापरासाठी: जेवायला बसताना ‘मऽऽ ने सुरू होणारं कोण आलं नाही?’ असं विचारणं. आवाज ‘मऽऽ’ असा लांबवून, ‘म मगरीचा’ असं नाही. मगर मध्ये आली की मूल आवाज सोडून मगरीच्या मागे जातं.

शुक्रवार, १ ऑगस्ट

मोजणं. सहा मुलं वीसपर्यंत, एक तर पन्नासपर्यंत म्हणते. घरचे खूश आहेत. पण ‘मला चार वाल दे’ म्हटलं की त्यातली तिघं मूठभर देतात. म्हणणं आणि मोजणं वेगळं आहे, हे दाखवायला ‘दे’ हा एकच प्रश्न पुरतो.

क्रम असा ठेवला. आधी दोन दे, तीन दे, हे चुकल्याशिवाय येईपर्यंत. मग एका वस्तूला एक स्पर्श, एक आकडा. मोजलेली वस्तू उचलून दुसऱ्या वाटीत टाकली की दोनदा मोजली जात नाही. मग ‘मोजलंस, तर किती आहेत?’ इथे पुष्कळ मुलं पुन्हा एकपासून मोजतात. म्हणजे शेवटचा आकडा हीच एकूण संख्या, हे अजून बसलेलं नाही. अशा वेळी मोठ्याने मोजून शेवटचा आकडा जोरात म्हणावा आणि सगळ्यांवर हात फिरवावा: ‘एक, दोन, तीन, चार. चार वाल.’ महिनाभर लागतो, लागू द्यावा.

दहापुढे घाई नको. मराठीत एकोणीस म्हणजे विसाला एक उणा, एकवीसमध्ये एक आधी आणि वीस नंतर, लिहिताना दोन आधी. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी रीत आली ती याच अडचणीपोटी. चार वर्षांच्या मुलाला ही गुंतागुंत पाठांतरात लपवून देण्यापेक्षा पाचपर्यंत पक्कं द्यावं.

दोन घरांत जुनी मापं निघाली. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे शेर. तांदूळ भरून मुलांनीच बघायचं होतं. पहिल्या दिवशी जमलं नाही, कारण मुलं चिपटं शीग लावून भरत होती आणि दोनातच मापटं ओसंडून वाहिलं. तोंडावरून काठी फिरवून सपाट केलं की दोनाचं एक बरोबर बसतं. खाली सूप किंवा परात हवी, नाहीतर सांडलेला तांदूळ निवडण्यात आईची सकाळ जाते आणि उद्या माप मिळत नाही.

शनिवार, ९ ऑगस्ट

मोबाइल. जागतिक आरोग्य संघटनेचं २०१९ चं मार्गदर्शन घरात सांगितलं: दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, दोन ते चारमध्ये दिवसाला तासाच्या आत, कमी तेवढं बरं. मुंबईला कामाला असलेल्या वडिलांशी होणारा व्हिडिओ कॉल आम्ही वेगळा धरतो, कारण त्यात समोरचा उत्तर देतो. त्यासाठी कॉलच्या आधी मुलाच्या हातात दाखवायला काहीतरी द्यायचं, त्याने थापलेली भाकरी, पहिली काकडी. नाहीतर ‘बोल ना, बोल ना’ करण्यातच कॉल संपतो.

मंगळवार, १९ ऑगस्ट

दोन मुलांकडे लक्ष द्यायला हवं.

एक अडीच वर्षांचं, दोन शब्द जोडत नाही. मागून हाक मारली तर वळत नाही, पण दार आपटलं की वळतं. पावसाळ्यात कान दोनदा वाहिला आहे. कान वाहतो तेव्हा मोठे आवाज पोचतात आणि बोलण्यातले बारीक आवाज गळतात. मूल ‘दुर्लक्ष करतं’ असं दिसतं. कानात तेल किंवा लसणीचं तेल घालू नये. स्वच्छ सुती कापडाची वात करून बाहेर आलेला पू टिपायचा, वात ओली झाली की बदलायची, काडी घालायची नाही, आणि डॉक्टरांना दाखवून ऐकण्याची तपासणी करून घ्यायची.

दुसऱ्या मुलीचं वय दोन वर्षं. आधी येत असलेले चार-पाच शब्द थांबले, नजर देत नाही. येत असलेलं जाणं हे कोणत्याही वयात थांबून बघण्याचं लक्षण नाही, लगेच दाखवण्याचं आहे. ‘याचा बापही उशिराच बोलला’ हे वाक्य अशा वेळी महिने खातं.

दोन्ही घरांत माता व बाल संरक्षण कार्डावरचे वाढीचे टप्पे आईसोबत बसून वाचले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, ताईंनी नावं त्यांच्याकडे दिली. पथकाची फेरी लांब असेल तर थांबायचं नाही, वाढीत मागे पडणाऱ्या मुलांची तपासणी होते त्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात न्यायचं. तोवर दोन्ही घरांत एकच बदल: मुलाच्या डोळ्यांच्या पातळीला बसून, चेहरा दिसेल असं बोलायचं, आणि त्या वेळी टीव्ही बंद.

सोमवार, २५ ऑगस्ट

बुधवारी गणपती. आठवडाभर भेटी नाहीत, आणि त्याची गरजही नाही. दूर्वांच्या जुड्या मुलांकडे: तीन पात्यांची दूर्वा निवडायची, एकवीस झाल्या की दोऱ्याने जुडी. सात-सातच्या तीन ओळी मांडून मग एकत्र बांधायला सांगितलं, म्हणजे मध्येच विसरलं तरी पहिल्यापासून मोजावं लागत नाही. दोरा मोठ्यांनी बांधावा, पाच वर्षांच्या हाताची गाठ सैल बसते.

सोमवार, १५ सप्टेंबर

दसऱ्याला पाटीपूजन, त्यामुळे ‘आता अक्षरं सुरू करा’ असा आग्रह सगळीकडे. साडेतीन वर्षांच्या मुलाचं बोट धरून ‘अ’ गिरवून घेण्याला आम्ही नको म्हणतो. मनगट तयार नसतं, खडू मुठीत असतो, आणि अक्षर खांद्याच्या जोरावर उमटतं. पाटीचा आवाज आणि आईचा आवाज एकाच वेळी चढतो.

त्याऐवजी खडू मोडून दोन-तीन सेंमीचे तुकडे. एवढासा तुकडा मुठीत मावतच नाही, तो वाल सोलायच्या चिमटीतच धरावा लागतो. पाटी भिंतीला टेकवून उभी, मुलाच्या छातीच्या उंचीवर. उभ्या पाटीवर मनगट आपोआप मागे वळतं. आधी उभ्या रेषा, आडव्या, गोल, मग पावसासारख्या तिरक्या.

परातीत गिरवण्यासाठी रवा घेतला होता, चार दिवसांत गुठळ्या आणि अळ्या. रांगोळीची पूड नको, ती दगडाची असते आणि श्वासात जाते. नदीची वाळू चाळून, धुऊन, किंचित ओली ठेवली तर रेघ चांगली उमटते. थर बोटाच्या अर्ध्या पेराएवढा. जाड झाला की कडा ढासळून आकार बुजतो.

अक्षरांकडे वळणाऱ्या पाच वर्षांपुढच्या मुलांसाठी आधी स्वतःच्या नावातली अक्षरं, मग ग, म, भ, न. शिरोरेषा शेवटी द्यावी. उलटं अक्षर या वयात चालतं, खोडू नये, शेजारी सुलटं लिहून ठेवावं. दोन मुलं डावखुरी आहेत. पूजेच्या दिवशी उजव्या हाताने ओम काढला तरी हरकत नाही, पण रोजचा खडू डाव्याच हातात राहू द्या, असं दोन्ही आज्यांना सांगितलं. एक लगेच ‘बरं’ म्हणाली, दुसरी अजून विचार करते आहे.

सोमवार, २९ सप्टेंबर

पेट्या परत पाहिल्या. टिकल्या त्या वस्तू: वाट्या, फडकं, घासलेले चिंचोके, पाटी, खडूचे तुकडे. झाकणं हरवली आणि कुणाची अडली नाहीत. नव्या पेटीत तेवढंच ठेवतो, सोबत नळी, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला त्या घराने निवडलेली दोन कामं लिहिलेली. काम बदललं की पुसून नवं.

अडीच वर्षांच्या मुलाची ऐकण्याची तपासणी झाली. कानात पाणी साठलं आहे, औषध चालू, सहा आठवड्यांनी पुन्हा दाखवायचं. घरच्यांना तारीख कार्डावर लिहून दिली. दुसऱ्या मुलीला जिल्ह्याला न्यायला आईसोबत कोण जाणार हे ठरायचं आहे. आशाताईंशी उद्या सकाळी बोलणं.

पुढची फेरी भातकापणी उरकल्यावर. तोवर पडवीत पेंढ्याच्या भाऱ्या येतील, त्या मुलांनी मोजायच्या की चढायच्या हे घरच्यांशी आधी बोलून घ्यायचं. कातकरी वाडीतल्या घरांसाठी वाल संपले आहेत. शनिवारच्या बाजारातून दोन किलो आणणे.